सायकल आणि कार एकाच रस्त्यावर, दोन्ही चालवणाऱ्याकडून थोडं

मी दोन्ही चालवतो, सायकलही आणि कारही, त्यामुळे शिव्या दोन्हीकडून खाल्ल्यात आणि खरं सांगायचं तर दोन्हीकडून दिल्यातही. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मात्र पक्की कळली, भांडण बहुतेक वेळा वेगावरून नसतंच, समोरचा आता काय करणार हे दुसऱ्याला कळत नाही तिथे घोळ होतो. म्हणून खालचं सगळं त्याच हिशोबाने वाचा.

आधी कारवाल्यांसाठी. सायकल सरळ रेषेत चालत नाही हो, ती थोडी थोडी डुलतेच. वारा, खडी, खड्डा, गटाराचं झाकण, काहीही आलं की सायकलवाला हातभर बाजूला सरकतो आणि ते झाकण तुम्हाला गाडीतून दिसतच नाही. त्यामुळे ओव्हरटेक करताना निदान दीड मीटर जागा सोडा. जर्मनीत 2020 पासून गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर असा नियमच आहे, फ्रान्समध्ये गावात एक आणि बाहेर दीड. एवढी जागा नसेल तर? तर मागे थांबायचं, दुसरं काय. समोरून गाडी येतेय आणि आपण मधल्या फटीतून सायकलला घासून पुढे काढतोय हे सगळ्यात वाईट, त्यात जे दहा सेकंद वाचतात ते पुढच्या सिग्नलला परत जातात आणि तीच सायकल शेजारी येऊन उभी राहते.

अगदी मागे येऊन हॉर्न मारू नका, प्लीज. गाडीच्या आत तो 'मी आलोय' असा वाटतो, सायकलवर तो कानात फुटतो आणि दचकून हँडल हलतं. द्यायचाच असेल तर लांबून, हलका, एकदा.

वेगाचं गणित पण बघा, ताशी 50 ला गाडी सेकंदाला जवळजवळ 14 मीटर जाते, म्हणजे तुम्ही दचकून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंतच 14 मीटर गेले, ब्रेक लागायचा तो नंतर. 30 ला तेच आठ मीटरच्या आसपास. आणि वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. समोर सायकल दिसली की पाय आधी अ‍ॅक्सिलरेटरवरून काढायचा, विचार नंतर करायचा.

वळताना अजून एक नेहमीचा गोंधळ, सायकलला ओव्हरटेक केलं आणि लगेच तिच्यासमोरूनच बाजूच्या रस्त्याला वळलो. ती सरळ येतेय, तिला थांबायला जागा नाही, ती तुमच्या दारात. वळायचंच असेल तर तिच्या मागेच राहा, ती पुढे गेली की आरसा बघा, मान वळवून बघा आणि मग वळा. नुसत्या आरशावर जाऊ नका. पुढच्या काचेच्या बाजूच्या त्या जाड खांबामागे अख्खी सायकल लपते, चौकात डोकं जरा पुढे-मागे करून बघितलं की अचानक प्रकट होते.

आता दार. पार्क केलेल्या गाडीचं दार उघडणं हा मला सगळ्यात भयंकर प्रकार वाटतो, कारण उघडणाऱ्याला वाटतं प्रवास संपला. यावर डच रीच नावाची साधी सवय आहे, ब्रिटनच्या हायवे कोडमध्येही, म्हणजे तिथल्या रस्त्याच्या नियमांच्या पुस्तिकेत, 2022 मध्ये घेतली गेली. दाराच्या जवळचा हात न वापरता लांबचा हात वापरायचा. करून बघा, लांबचा हात हँडलकडे नेला की छाती आपोआप वळते, खांदा वळतो आणि नजर आधी आरशावर आणि मग मागच्या रस्त्यावर जाते. आठवण ठेवायची गरजच उरत नाही. मागे बसलेल्या पोरांनाही हेच शिकवा, ती तर दार लाथ मारल्यासारखं उघडतात.

आता सायकलवाल्यांनो, आपली पाळी. उभ्या गाड्यांच्या रांगेला चिकटून जाऊ नका, दार पूर्ण उघडलं तरी लागणार नाही एवढं, म्हणजे मीटरभर तरी अंतर ठेवा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. दोन उभ्या गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आत-बाहेर आत-बाहेर करू नका, दर वेळी तुम्ही मागच्याला नव्याने दिसता. अरुंद रस्त्यावर, जिथे ओव्हरटेक शक्यच नाही, तिथे सरळ लेनच्या मध्ये चाला, कडेला राहिलात की मागच्याला उगाच वाटतं जाईल आपली गाडी.

मागे बघायला शिका. हे ऐकायला सोपं वाटतं पण मान वळली की खांदा वळतो आणि खांद्यासोबत हँडलही, सायकल तिकडेच ओढली जाते. मोकळ्या मैदानात एखाद्या रेषेवरून चालवत दहा-वीस वेळा मागे बघायची प्रॅक्टिस करा, मगच रस्त्यावर. वळायच्या आधी मागे बघा, हात दाखवा, मग दोन्ही हात हँडलवर आणून वळा.

ट्रक आणि बसच्या आतल्या बाजूने पुढे घुसायचं नाही म्हणजे नाही. लांब गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात, तिथे सापडलात तर संपलं. त्याच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही आहात. मागेच थांबा.

उलट्या दिशेने येणं, सिग्नल तोडणं, दोन्ही कानात इअरफोन, यावर काय बोलायचं, माहितीये सगळ्यांना.

आणि लाईट, पुढे पांढरा मागे लाल. त्याशिवाय पेडलवर किंवा घोट्याला रिफ्लेक्टर लावा, वर-खाली हलणारा ठिपका दिसला की ड्रायव्हरला लांबूनच कळतं की हे कोणीतरी पाय मारतंय.

कोणी कट मारलाच तर आधी बाजूला थांबा, पाठलाग करू नका. मी केलाय एकदा. संध्याकाळची वेळ, गाडी घासून गेली, मी जीव खाऊन पेडल मारत सिग्नलला गाठली आणि काच वाजवली, त्याने काच खाली केली, माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, तुमचा मागचा लाईट कुठाय. तो घरी चार्जिंगला होता.