द्राक्षांच्या दिवसांत बालवाडीचा डबा
फेब्रुवारी आला की नाशिकच्या बालवाड्यांत डब्यातून द्राक्षं यायला लागतात. मुख्य ताईंनी सुट्टीआधीच कामं वाटावीत: एक मदतनीस हात धुवून घेईल, दुसरी डबे उघडून बघेल. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खं द्राक्ष देऊच नये, बिनबियांचंही नाही. गुळगुळीत दाणा घशात घट्ट बसतो, श्वास अडतो. आडवं कापून भागत नाही, चकती गोलच राहते; उभे चार तुकडे करा. शेंगदाणे, फुटाणे बाजूला काढा.

मुलं खाली बसूनच खातील. तेवढा वेळ हजेरीची वही बंद, नजर मुलांवर. मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच फुटेना, तर पुढे वाकवून खांद्यांच्या मधोमध पाच जोरदार थापा, मग बेंबीच्या वर पाच दाब. दुसरीनं तोवर १०८ लावावा.