एफआयआर हातात आली की आधी पहिली अनुसूची उघडा

फौजदारी बाजूला नव्याने बसणाऱ्या ज्युनियर वकिलाला आरोपीचे नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात तो जामिनाचा. शिक्षेच्या वर्षांवरून अंदाज बांधून उत्तर दिलं की हमखास चुकतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) पहिल्या अनुसूचीत सहा रकाने आहेत: कलम, गुन्हा, शिक्षा, दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र, आणि खटला कोणत्या न्यायालयात चालेल. एफआयआरमधल्या प्रत्येक कलमाची ओळ शेवटच्या रकान्यापर्यंत वाचा.

मारहाणीची कलमंच घ्या. भारतीय न्याय संहितेचं (गुन्हे आणि शिक्षा सांगणाऱ्या कायद्याचं) ११५(२), साधी दुखापत: एक वर्षापर्यंत कैद, अदखलपात्र, जामीनपात्र. ठाण्यात याची एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. ११७(२), गंभीर दुखापत: सात वर्षांपर्यंत कैद, दखलपात्र, आणि तरीही जामीनपात्र. ११८(१), धोकादायक हत्याराने केलेली साधी दुखापत: शिक्षा तीनच वर्षांपर्यंत, पण अजामीनपात्र. सात वर्षांचा गुन्हा जामीनपात्र आणि तीन वर्षांचा अजामीनपात्र, हे तर्काने कधीच सापडणार नाही. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही, असंही नातेवाइकांना सांगू नका. तिथे तो हक्काने मिळत नाही, न्यायालयाच्या विवेकावर असतो, एवढंच.

कलमं बदलतात, हेही ध्यानात ठेवा. सुरुवातीला ११५(२) लागलेलं असतं, मग एक्स-रेत फ्रॅक्चर निघतं आणि ११७(२) वाढतं. हाड किंवा दात मोडणं, निखळणं हा कलम ११६ मधल्या गंभीर दुखापतीच्या आठ प्रकारांपैकी एक. आठव्या प्रकारात पूर्वी वीस दिवसांची वेदना किंवा असमर्थता लागायची, आता पंधरा दिवस पुरतात. म्हणून मेडिकल सर्टिफिकेट पाहिल्याशिवाय मत देऊ नये. कलमांत एक जरी दखलपात्र असलं तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं.

विशेष कायद्यांसाठी, म्हणजे न्याय संहितेबाहेरच्या कायद्यांतल्या गुन्ह्यांसाठी, अनुसूचीचा दुसरा भाग आहे, पण त्या कायद्यातच वेगळी तरतूद नाही ना, ते आधी पाहावं. या भागात मात्र वर्षंच मोजायची: तीन वर्षांहून कमी असेल तर अदखलपात्र आणि जामीनपात्र, तीन ते सात वर्षं असेल तर दखलपात्र, अजामीनपात्र आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, सात वर्षांहून जास्त असेल तर सत्र न्यायालयात. गोंधळ होतो तो ‘तीन वर्षांपर्यंत’ या शब्दांवर. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ बाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये निकाल दिला, की पूर्ण तीन वर्षांची शिक्षा होऊ शकते, म्हणून तो गुन्हा मधल्या गटात, म्हणजे अजामीनपात्र.

गुन्ह्याची तारीखही तपासा. न्याय संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली; त्यापूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुन्या भारतीय दंड संहितेचीच कलमं लागतात, एफआयआर नंतर नोंदली असली तरी.

आरोपी कोठडीत असेल तर त्याच दिवशी डायरीत आणखी एक तारीख लिहा. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा जास्त कैदेच्या गुन्ह्यात दोषारोपपत्रासाठी ९० दिवस, बाकी गुन्ह्यांत ६०. मोजणी अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडच्या (न्यायदंडाधिकाऱ्यांनी कोठडी दिल्याच्या) दिवसापासून, आणि तो दिवस धरून. मुदत संपली आणि दोषारोपपत्र आलेलं नसेल, तर डिफॉल्ट जामिनाचा, म्हणजे मुदत चुकल्यामुळे हक्काने मिळणाऱ्या जामिनाचा, अर्ज लगेच द्या. त्याआधी दोषारोपपत्र दाखल झालं तर हा हक्क जातो.