स्विफ्टमध्ये कम्प्लीशन हँडलर लिहिताना या चुका टाळा

स्विफ्ट ही ॲपलची प्रोग्रामिंग भाषा. कम्प्लीशन हँडलर म्हणजे काम संपल्यावर उत्तर द्यायला कॉल करायचं क्लोजर, म्हणजे फंक्शनला सोपवता येणारा कोडचा तुकडा. त्यातली सगळ्यात महागात पडणारी चूक कंपायलर आपण होऊन दाखवत नाही: फंक्शनच्या एखाद्या वाटेवर कम्प्लीशन कॉल करायचं राहून जातं. प्रकार नेहमीचाच. प्रोफाइल आणणारं फंक्शन, आत तीन गार्ड, म्हणजे अट पुरी झाली नाही तर तिथूनच बाहेर पडायला लावणाऱ्या तपासण्या: एरर आली का, डेटा मिळाला का, डिकोड झाला का. पहिल्या दोघांत फेल्युअर पाठवलेलं, तिसऱ्यात घाईने नुसतं रिटर्न. टेस्टिंगला सर्व्हर शहाण्यासारखा वागतो. मग कधीतरी एका फील्डमध्ये आकड्याऐवजी स्ट्रिंग येते आणि स्पिनर फिरतच राहतो. क्रॅश नाही, लॉग नाही; लोक दोन-दोन दिवस नेटवर्क तपासत बसतात.

यावर एक सवय लावून घ्या. डेटा टास्कच्या (नेटवर्कवरून डेटा आणणाऱ्या कामाच्या) क्लोजरमध्ये पहिल्याच ओळीत रिझल्ट टाइपचा (यश किंवा फेल्युअर यांपैकी एकच धरणारा) लेट, म्हणजे एकदाच भरता येणारा कॉन्स्टंट, जाहीर करा, व्हॅल्यू न देता. लगेच खाली डिफर (बाहेर पडताना हमखास चालणारा कोड) लिहून त्यात कम्प्लीशनला तो रिझल्ट द्या. आता व्हॅल्यू न भरता कुठूनही रिटर्न केलंत की बिल्डच अडेल, आणि लेट असल्याने ती दोनदा भरताही येणार नाही. डिफर बाहेरच्या फंक्शनमध्ये मात्र टाकू नका. ते तर उत्तर येण्याआधीच संपलेलं असतं. रिझल्ट स्विफ्ट ५ पासून, म्हणजे २०१९ पासून भाषेतच आहे. डेटा आणि एरर असे दोन ऑप्शनल (रिकामे असू शकणारे) पाठवणं आता तरी सोडा.

डेटा टास्क बनवल्यावर रिझ्यूम कॉल करा. तो जन्मतः थांबलेला असतो.

यूआरएलसेशन.शेअर्डचं (तयार मिळणाऱ्या नेटवर्क सेशनचं) उत्तर मेन थ्रेडवर, म्हणजे स्क्रीन सांभाळणाऱ्या थ्रेडवर, येत नाही. लेबल बदलण्याआधी मेन क्यूवर या.

कंपायलरची एरर दिसली की ॲट-एस्केपिंग (@escaping) चिकटवून मोकळं होऊ नका. क्लोजर फंक्शन संपल्यावरही जिवंत राहणार, असा त्याचा अर्थ आहे. ऑप्शनल क्लोजर मुळातच एस्केपिंग असतं. तिथे ते लिहिलंत तर उलट एरर येते.

डोळे झाकून वीक सेल्फ (क्लोजरने सेल्फला, म्हणजे स्वतःच्या ऑब्जेक्टला, घट्ट धरू नये म्हणून) लिहिणं हा शॉर्टकट तर अजिबात पटत नाही. रिटेन सायकल (दोघांनी एकमेकांना धरून ठेवल्याने मेमरी मोकळी न होणं) होते ती सेल्फने ते क्लोजर स्वतःजवळ धरून ठेवलं तर. आणि वीक सेल्फ आलं की मागोमाग ‘गार्ड लेट सेल्फ, नाहीतर रिटर्न’ येतं. झालं, कम्प्लीशन पुन्हा राहिलं.

जुनं फंक्शन असिंक-अवेटमध्ये, म्हणजे कम्प्लीशनऐवजी उत्तराची थेट वाट पाहण्याच्या पद्धतीत, आणताना (स्विफ्ट ५.५, २०२१) विथ-चेक्ड-कंटिन्युएशनच वापरा. त्यात उत्तर आलं की रिझ्यूम कॉल करून थांबलेला टास्क पुढे न्यायचा असतो. तिथे रिझ्यूम दोनदा झालं तर ॲप जागीच क्रॅश होतं. एकदाही झालं नाही तर टास्क कायमचा अडकतो. कंटिन्युएशनच्या अनसेफ (तपासणी नसलेल्या) प्रकारात दोनदा रिझ्यूम झाल्यावर काय होईल याची कसलीच खात्री नाही.