नंदुरबार शोधताना धुळे विसरू नका

गाइडनं "आधी एक सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करून टाक" असं सांगितलं, तर त्या 'करून टाक'वर जाऊ नका. मी गेले. एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीनं शोधायचे, पारखायचे नि एकत्र मांडायचे, एवढंच. दोन महिन्यांचं काम समजले, वर्ष लागलं.

मी प्रश्न म्हणून लिहिलं होतं, 'आदिवासींमधला सिकलसेल'. सिकलसेल म्हणजे रक्ताचा एक आनुवंशिक आजार. पण हा झाला विषय, प्रश्न नव्हे. कुठले आदिवासी? वाहक (एकाच पालकाकडून दोष आलेले, सहसा त्रास नसलेले) मोजायचे की रुग्ण? खोडून खोडून उरलं ते असं: खान्देशातल्या भिल्ल आणि पावरा समाजांत वाहकांचं प्रमाण किती? उपचारांची तुलना करायला शिकवतात ती 'पिको' चौकट (रुग्ण, उपचार, तुलना, परिणाम) इथे बसत नाही. आजार, ठिकाण आणि लोकसमूह ठरवले की भागतं. कुठले पेपर घ्यायचे याचे निकष लिहून प्रॉस्पेरोवर (रिव्ह्यूंच्या नोंदणीची साइट) आधीच नोंदवा. पेपर हाती आले की निकष वाकवायचा मोह होतोच.

पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीवर, 'नंदुरबार' टाकलं, मोजकेच पेपर आले. मी खूश! शहाद्याला घरी जेवताना बाबा सहज म्हणाले, "आपण आधी धुळे जिल्ह्यातच होतो ना?" घास हातातच राहिला. नंदुरबार वेगळा झाला १ जुलै १९९८ला. त्याआधीच्या पेपरांत धुळेच असणार. शिवाय भिल्लचं स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांचं, पावरांना कुठे बारेला म्हटलेलं, अ‍ॅनिमियाचं ब्रिटिश स्पेलिंग वेगळं. ग्रंथपालांसोबत बसून ही सगळी नावं शोधात 'ऑर'नं ('किंवा'नं) जोडली, म्हणजे कुठलंही एक नाव असलं तरी पेपर सापडतो. शोधगंगा या साइटवरचे पीएचडीचे प्रबंधही चाळले. आजी विचारायची, "इतलं वाचीसन काय करस?"

सापडलेल्या पेपरांची चाळणी दोघांनी, एकमेकांचं न बघता करायची. रय्यान या त्यासाठीच्या वेब-अ‍ॅपवर ते सोपं जातं. माझं नि मैत्रिणीचं वाजलं ते दवाखान्यातल्या अभ्यासांवरून. तिचं बरोबर होतं: दवाखान्यात आलेल्यांचं प्रमाण म्हणजे गावाचं प्रमाण नव्हे.

खरी गोम रक्ताच्या तपासणीत निघाली. सोल्युबिलिटी चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी लागते. काही पेपर पहिलीवरच थांबलेले. त्यांचे आकडे इतरांत मिसळून मेटा-अ‍ॅनालिसिस करणं, म्हणजे सगळ्यांचा मिळून एकच आकडा काढणं, मला पटेना. "फॉरेस्ट प्लॉट नाही?" गाइड नाराज झाले. मेटा-अ‍ॅनालिसिसचा आलेख तो. मी तक्ता आणि वर्णन यांवरच थांबले, आजही तेच करेन.

एक चूक मात्र निव्वळ आळसाची. प्रिझ्मा या रिव्ह्यू मांडण्याच्या नियमावलीत किती पेपर आले, किती गळले याची आकृती असते; तीत पूर्ण वाचून वगळलेल्या पेपरांची कारणं आकड्यांसह द्यावी लागतात. मी ती लिहूनच ठेवली नव्हती. दिवाळीत घरी फराळ चालला होता आणि मी तेच पेपर पुन्हा उघडून, हा का टाकला होता, ते आठवत बसले होते.