मालदीवच्या रिसॉर्टात कामाला निघालाय? मग या चुका टाळा

लातूरकडच्या पोरांचे फोन येतात, दादा मालदीवला जागा निघाल्यात म्हणे, एजंट दीड लाख मागतोय, देऊ का? माझं एकच म्हणणं असतं, कागद हातात पडल्याशिवाय रुपया देऊ नको.

हे मी भोगून सांगतोय. पहिल्या खेपेला एजंट म्हणला टुरिस्ट म्हणून जा, परमिट तिथं गेल्यावर करून देतो, आणि भारतीय पासपोर्टवाल्याला मालदीवमध्ये उतरल्यावर ९० दिवसांचा व्हिसा फुकटात मिळतो म्हणून मलापण काही खटकलं नाही. पण त्या व्हिसावर काम करणं बेकायदा आहे, पकडलं तर परत धाडतात. मी अकरा दिवसांत घरी आलो. अण्णांनी सोयाबीन विकून दिलेले ऐंशी हजार गेले ते गेलेच.

काम करायला जायचं तर निघायच्या आधी वर्क परमिटचा एंट्री पास लागतो. त्यावर तुमचं नाव, पासपोर्ट नंबर, मालक कोण आणि पोस्ट कुठली हे सगळं नीट वाचा. पासपोर्टवरचं आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव जुळत नसेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या.

एजंटचा लायसन्स नंबर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट साइटवर टाकून बघायचा, पाच मिनिटांचं काम आहे. नियमानं त्याला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं, आणि पावती द्यावी लागते. दहावी न झालेल्यांच्या ईसीआर पासपोर्टला (म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी लागणारा पासपोर्ट) दुबई-कतारसारख्या १८ देशांसाठी सरकारी क्लिअरन्स लागतो, पण मालदीव त्या यादीत नाही, म्हणजे तुमचं काँट्रॅक्ट मधे कुणीच तपासत नाही, तुम्हालाच तपासायचंय.

आता पगार. इथं सगळ्यात जास्त पोरं फसतात. बेसिक, म्हणजे दर महिन्याचा ठरलेला पगार, वेगळा आणि सर्व्हिस चार्ज वेगळा. गेस्टच्या बिलावर लागणारा १० टक्के सर्व्हिस चार्ज स्टाफमध्ये वाटतात, नोव्हेंबर ते एप्रिल सीझन असतो तेव्हा तो चांगला निघतो, पावसाळ्यात गेस्ट कमी म्हणून तोही घसरतो. एजंट सीझनचा आकडा बेसिकमध्ये मिळवून सांगतो आणि आपण त्या हिशोबानं बँकेचा हप्ता धरून बसतो! तिथं काम करणाऱ्या कुणालातरी गाठा आणि मागच्या बारा महिन्यांचा सर्व्हिस चार्ज विचारा. हप्ता मात्र नुसत्या बेसिकवर धरा.

इंटरव्ह्यूत पाठ केलेलं इंग्रजी लगेच कळतं. मला विचारलं होतं, गेस्टला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, काय करशील? आपल्याकडं तर भाजीत कूट नाही असा दिवस जात नाही, मी पटकन म्हणलो की दाणे बाजूला काढून देईन. चूक! दाण्याचा नुसता अंश लागला तरी माणसाचा जीव जाऊ शकतो. शेफला सांगायचं, डिश नवीन बनवून घ्यायची, खात्री नसेल तर वाढायचीच नाही. सहा महिने जरी संभाजीनगरच्या एखाद्या चांगल्या हॉटेलात काढले ना, तर हे आपोआप अंगात मुरतं.

बॅग भरताना दारू, डुकराचं मांस आणि पूजेच्या मूर्ती ठेवू नका, मालदीवच्या कस्टमला चालत नाहीत. आजीनं दिलेली तुळजाभवानीची पितळी मूर्ती मी घरीच ठेवली, आजी रडली, पण इलाज नव्हता.

आणि एक, तिथं बहुतेक ठिकाणी एका बेटावर एकच रिसॉर्ट असतं, भांडण झालं की उठून दुसरीकडं जाऊ असं नसतं, बोटीशिवाय बाहेर पडता येत नाही. म्हणून पासपोर्ट, एंट्री पास, काँट्रॅक्ट सगळ्याचे फोटो घरी कुणाकडंतरी ठेवून निघा. पगार अडला तर राजधानी मालेतल्या भारतीय उच्चायुक्तालयात किंवा परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार करता येते आणि तिथं पहिल्यांदा हेच कागद मागतात.