गुडघा बदलल्यानंतर घरी पाय पूर्ण सरळ कसा करावा

गुडघा बदलून पेशंट घरी आला की भेटायला येणारा प्रत्येकजण एकच विचारतो, "किती वाकतोय?" सरळ होतो का, हे कुणी विचारत नाही. घरोघरी जाऊन अशा गुडघ्यांचा व्यायाम करून घेणं हे माझं अनेक वर्षांचं काम आहे. वाकवण्याच्या नादात सरळपणा घालवलेले पाय मी इतके पाहिलेत की आता पहिल्या दिवशीच घरच्यांना सांगते: आधी सरळ, मग वाकवणं.

हा लेख पूर्ण गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेपुरता आहे. लिगामेंट शिवलं असेल किंवा फ्रॅक्चरसाठी प्लेट बसवली असेल तर नियम वेगळे असतात, तिथे हे वापरू नका.

व्यायामाआधी 30 ते 45 मिनिटं डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी घ्या. नंतर कापडात गुंडाळलेला बर्फ 15 ते 20 मिनिटं ठेवा. पावलं वरखाली हलवण्याचा व्यायाम जागेपणी तासातासाला करायचा. यात शिकण्यासारखं फारसं नाही, फक्त चुकवू नका.

आता खरी अडचण. सुजलेल्या सांध्यात पाणी साठलेलं असतं आणि आतला दाब सर्वांत कमी असतो तो गुडघा साधारण 30 अंश वाकलेला असताना. म्हणून पेशंटला तसंच पडून राहावंसं वाटतं. घरचे मायेनं गुडघ्याखाली उशी सरकवतात, पेशंट सुटकेचा श्वास सोडतो, आणि तिथेच नुकसान सुरू होतं. रात्रभर त्या स्थितीत राहिलेल्या गुडघ्याच्या मागची बाजू आखडत जाते. पुढच्या आठवड्यांत आतला व्रण घट्ट होतो आणि पाय तिथेच अडकतो. सर्जननं ऑपरेशनच्या टेबलावर मिळवून दिलेला सरळपणा घरातल्या पलंगावर हरवतो.

कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक आजी होत्या. पाच आठवड्यांत त्यांचा गुडघा 115 अंश वाकायला लागला. घरचे खूश, मीही खूश. मग वॉकर सुटला आणि त्या लंगडायला लागल्या. मोजलं तर पाय सरळ व्हायला 12 अंश कमी पडत होते. त्यांच्या गुडघ्याखालची उशी मला रोज दिसत होती. त्यांना बरं वाटतंय म्हणून मी काही बोलले नव्हते. पुढे चार महिने आम्ही दोघींनी झगडून बराचसा सरळपणा परत मिळवला, पण शेवटचे काही अंश आलेच नाहीत. तेव्हापासून पेशंटच्या खोलीत पाऊल टाकलं की मी आधी ती उशी काढते. त्यावर कुणी नाराज झालं तरी चालेल.

दहा-बारा अंशांनी एवढं काय बिघडतं? पूर्ण सरळ पायावर उभं राहताना मांडीच्या समोरच्या स्नायूला जवळजवळ विश्रांती असते. गुडघा जरा जरी वाकलेला राहिला तरी तोच स्नायू उभं असेपर्यंत ताणलेला राहतो. माणूस लवकर थकतो, पाय आखूड झाल्यासारखा पडतो, आणि कंबर व दुसरा गुडघा त्याची भरपाई करत बसतात.

मी पाय असा सरळ करून घेते. पेशंटला कडक गादीवर उताणं झोपवा. टॉवेलची घट्ट गुंडाळी टाचेखाली ठेवा, पोटरीखाली नाही आणि गुडघ्याखाली तर नाहीच. गुंडाळी इतकी उंच हवी की पोटरी आणि गुडघा दोन्ही अधांतरी राहतील. बाकी काम पायाचं वजन करतं. पायाची बोटं छताकडे हवीत. पाय बाहेरच्या बाजूला कलंडला की गुडघा हळूच वाकतो, आणि वरून पाहणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. कलंडत असेल तर बाहेरून दुसरी गुंडाळी लावा. सुरुवातीला पाच मिनिटं, मग वाढवत 10 ते 15 मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा.

त्याच स्थितीत मांडी आवळून गुडघा गादीकडे दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा. पहिल्या दिवसांत स्नायू हलतच नाही, कारण सांध्यातली सूज त्याला जागंच होऊ देत नाही. पेशंट घाबरतो, "माझा पाय गेला का?" म्हणतो. नाही गेला. मांडीवर हात ठेवून प्रयत्न करत राहा, हाताला हालचाल जाणवली की पुढचं सोपं होतं.

गुडघ्याच्या मागे ओढ लागणं हे अपेक्षितच आहे. पण वाटीवर हात ठेवून कुणी जोर देऊ नये. अनुभवी मालिशवाल्याला बोलावून पाय ओढून घेण्याचा सल्ला हमखास मिळेल, तो ऐकू नका. रक्ताची गुठळी होण्याचा धोका असण्याच्या काळात पोटरी चोळणं तर अजिबात नको.

रोज एकदा तपासा. गुंडाळी काढा, पाय सैल सोडा आणि गुडघ्याच्या मागे तळहात सरकवून पाहा. किती पोकळी राहते, दुसऱ्या पायाशी ताडून बघा. मग पेशंटला पाय सरळ ठेवून उचलायला सांगा. ठेवलेला सरळ पाय उचलताना गुडघ्यात झुकत असेल तर कमतरता ताकदीची आहे, मांडीचा व्यायाम वाढवा. ठेवलेलाच वाकडा असेल तर टाचेखालच्या गुंडाळीचा वेळ वाढवा. हा फरक न ओळखता सरसकट व्यायाम करणारे महिने वाया घालवतात.

वाकवण्यासाठी टाच गादीवरून घासत नितंबाकडे आणायची. दोन आठवड्यांच्या आसपास 90 अंश आले की योग्य चाललंय. चालताना टाच आधी टेकवा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

गुडघा काही महिने कोमट लागणं, जखमेच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा, आतून टकटक आवाज, याची काळजी नको. पण पोटरी सुजून दुखणं, जखमेतून स्राव, थंडी-ताप, किंवा पडल्यावर पाय अचानक उचलताच न येणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी सर्जनला कळवा. छातीत दुखलं किंवा दम लागला तर थेट तातडीच्या विभागात.

सहा आठवड्यांनंतरही तळहाताखालची पोकळी भरत नसेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. पाय सर्जनला दाखवा आणि टेबलावर तो किती सरळ झाला होता, हे त्यांना विचारा. अडकलेला गुडघा भूल देऊन मोकळा करायचा असेल तर ते सहसा पहिल्या तीन महिन्यांत करतात, कारण त्यानंतर आतला व्रण पक्का होत जातो.