सेप्टिक शॉकमध्ये सलाइन द्यायचे किती आणि थांबायचे कधी

संसर्गामुळे रक्तदाब घसरलेला, म्हणजे सेप्टिक शॉकमधला, रुग्ण आपत्कालीन विभागात आला की पहिली बाटली लावण्याबाबत सहसा कोणाचे दुमत नसते. खरा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या बाटलीपाशी उभा राहतो. पुढील मजकूर रात्रपाळीत तो निर्णय घ्यावा लागणाऱ्या निवासी डॉक्टरांसाठी आहे.

शॉक असेल तर अँटिबायोटिक तासाभराच्या आत द्यावे. ब्लड कल्चर (रक्तातील जंतूंची तपासणी) त्याआधी घ्यावे, पण शीर सापडत नाही म्हणून औषध अडवून ठेवू नये.

२०२१ च्या 'सर्व्हायव्हिंग सेप्सिस' या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार पहिल्या तीन तासांत दर किलो वजनामागे किमान ३० मिलि क्रिस्टलॉइड (नॉर्मल सलाइन, रिंगर लॅक्टेट यांसारखे क्षारयुक्त द्रव) द्यावे, म्हणजे ६० किलो वजनाच्या रुग्णाला सुमारे १८०० मिलि. २०१६ मध्ये ठामपणे केलेली ही शिफारस २०२१ मध्ये सौम्य शब्दांत मांडली गेली, याची आठवण ठेवावी. नॉर्मल सलाइन मोठ्या प्रमाणात दिल्यास क्लोराइड वाढून रक्त आम्लधर्मी होते, म्हणून डोक्याला मार नसल्यास रिंगर लॅक्टेट अधिक बरे. सगळे प्रमाण एकदम ओतण्याऐवजी २५० ते ५०० मिलिचे टप्पे करावेत आणि प्रत्येक टप्प्यानंतर रुग्णाजवळ जाऊन पुन्हा तपासावे. मॉनिटरकडे दुरून पाहणे म्हणजे तपासणे नव्हे.

या तपासणीत केशिकाभरण काळ फार उपयोगी पडतो. उजव्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, तळव्याच्या बाजूने, काचेची स्लाइड टेकवून कातडी पांढरी पडेपर्यंत दाबावे, तो दाब १० सेकंद तसाच ठेवावा, मग सोडून मूळ रंग परत यायला किती वेळ लागतो तो घड्याळ लावून मोजावा. तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागल्यास रक्तपुरवठा अपुरा समजावा. हात गार पडलेला असेल किंवा उजेड कमी असेल, तर हे मोजमाप फसवे ठरते. २०१९ च्या अँड्रोमेडा-शॉक चाचणीत या खुणेवर आधारलेल्या उपचारांची तुलना लॅक्टेटवर (पेशींना ऑक्सिजन अपुरा पडल्यास रक्तात वाढणाऱ्या घटकावर) आधारलेल्या उपचारांशी झाली. मृत्युदरातील फरक संख्याशास्त्रानुसार निर्णायक ठरला नाही, तरी खाटेशेजारी फुकटात होणारी ही तपासणी लॅक्टेटच्या तोडीची आहे, असे माझे मत आहे. लॅक्टेट यकृताच्या बिघाडात किंवा अ‍ॅड्रेनालिन चालू असतानाही चढलेले राहू शकते. केवळ त्या आकड्यासाठी बाटल्या वाढवू नयेत.

पुढचा टप्पा द्यावा की नाही, याबद्दल शंका असल्यास पाय उचलून पाहावे: अर्धवट बसलेल्या रुग्णाचे धड आडवे करून खाटेच्याच साहाय्याने पाय ४५ अंशांवर न्यावेत आणि मिनिटभरात हृदयाचा रक्तप्रवाह वाढतो का, हे इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) पाहावे. प्रवाह वाढला नाही, फुप्फुसांच्या तळाशी नव्याने करकर ऐकू आली किंवा ऑक्सिजनची गरज वाढली, तर सलाइन थांबवावे.

सरासरी धमनीदाब ६५ मिमी पाऱ्याच्या खालीच असेल, तर नॉरअ‍ॅड्रेनालिन (रक्तवाहिन्या आकुंचित करून रक्तदाब वाढवणारे औषध) सुरू करावे. सेंट्रल लाइनची (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीची) वाट पाहत बसू नये; कोपरापाशी किंवा त्याच्या वरच्या भागात असलेल्या चांगल्या शिरेतून ते थोडा काळ देता येते, मात्र ती जागा सूज किंवा पांढरेपणासाठी वारंवार पाहावी लागते. मात्रा मिनिटाला दर किलोमागे ०.२५ मायक्रोग्रॅमच्या पुढे जाऊ लागली, तर व्हॅसोप्रेसिन हे रक्तदाब वाढवणारे दुसरे औषध जोडावे आणि ती गरज चार तास टिकल्यास हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) दिवसाला २०० मिग्रॅ द्यावे.